इथे भेटायला साहेबच नाही

सांगलीच्या काकांचा फोन आला की हवापाण्याच्या गप्पा संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या भागाचा आमदार कोण गं?" मी म्हणते, काका, इथे स्वीडनमध्ये तसं नसतं. "बरं, नगरसेवक?" तसाही नसतो. मग काका जरा काळजीनेच विचारतात, "अगं, मग अडीनडीला तुम्ही जाता कुणाकडे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काकांनी गावातल्या कितीतरी लोकांचे दाखले, सातबारे, शाळाप्रवेश, विजेच्या जोडण्या मार्गी लावल्या आहेत, आणि त्या लागल्या कारण कुणाला कधी आणि कुठे गाठायचं हे त्यांना ठाऊक असतं. सरकार म्हणजे त्यांच्या लेखी माणसं: हा साहेब, ते भाऊसाहेब, पलीकडे बसलेला पीए. स्वीडनमध्ये संसार थाटल्यावर मला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट हीच, की या देशाने जवळजवळ चार शतकं खपून भेटायला साहेबच शिल्लक ठेवलेला नाही. त्यात सुख आहे, आणि त्याचा त्रासही आहे. दोन्ही सांगते.

आधी आमदाराचं. इथल्या संसदेचं नाव रिक्सदाग. १९७१ पासून तिचं एकच सभागृह आहे आणि सदस्य ३४९. मतदारसंघ मात्र फक्त २९, म्हणजे एकेका मतदारसंघातून पुष्कळ जण निवडून जातात. आमचं गोथेनबर्ग शहर हा अख्खा एकच मतदारसंघ आहे आणि तिथून डझनाहून जास्त सदस्य स्टॉकहोमला जातात. मत द्यायचं ते पक्षाला. यादीतल्या एखाद्या नावापुढे फुली मारून पसंती दाखवता येते, पण बहुतेक लोक त्या फंदात पडत नाहीत. देशभरात जितके टक्के मतं, साधारण तितके टक्के जागा. ३१० जागा मतदारसंघांत ठरतात आणि उरलेल्या ३९ हा हिशेब जुळवण्यासाठी वाटतात. देशात चार टक्क्यांच्या आत राहिलेला पक्ष बाहेरच राहतो, एखाद्या मतदारसंघात त्याने १२ टक्के काढले तरच तिथल्यापुरती जागा मिळू शकते. २०२२ च्या निवडणुकीत आठ पक्ष आत गेले. सगळ्यात मोठ्या सोशल डेमोक्रॅटांना १०७ जागा, सगळ्यात धाकट्या लिबरलांना १६. बहुमत कुणालाच नाही, आणि इथे ते नेहमीचंच आहे.

सभागृहात सदस्य पक्षवार बसत नाहीत, मतदारसंघवार बसतात. गोथेनबर्गचा डावा आणि गोथेनबर्गचा उजवा एकाच भागात मांडीला मांडी लावून. बाकांवर चढून कागद फाडण्याची सोय त्यामुळे बरीच कमी होत असावी, असा माझा आपला अंदाज.

राजाही आहे, कार्ल सोळावा गुस्ताफ, १९७३ पासून गादीवर. पण १९७५ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने त्याच्याकडे फक्त समारंभ ठेवले. पंतप्रधानाचं नाव सुचवण्याचं कामही सभापतीकडे गेलं. तेव्हा राजाकडेही जाता येत नाही.

बरं, मंत्री? काका म्हणतात तसं, "मंत्रालयातनं एक फोन." खरी गंमत इथे आहे. स्वीडनची मंत्रालयं आपल्या मानाने अगदी लहान असतात. धोरण आखायचं, कायद्याचे मसुदे करायचे, अंदाजपत्रक मांडायचं, एवढंच त्यांचं काम. प्रत्यक्ष कारभार चालवतात ती तीनशेहून अधिक स्वतंत्र सरकारी खाती. कर आणि जन्ममृत्यूची नोंद पाहणारं स्कात्तेवर्केट, बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या रजेचे पैसे देणारी फोरसेक्रिंग्सकासान, परवान्यांचं मिग्रॅशन्सवर्केट ही आम्हा बाहेरून आलेल्यांच्या तोंडी सारखी असणारी नावं. सरकार त्यांना दरवर्षी पैसे आणि लेखी उद्दिष्टं देतं, वरचा महासंचालकही नेमतं. पण एखाद्या माणसाच्या प्रकरणात काय ठरवायचं हे त्या खात्याला सांगण्याचा अधिकार मंत्र्याला नाही, पंतप्रधानाला नाही, रिक्सदागलाही नाही. राज्यघटनेच्या बाराव्या प्रकरणात हे स्वच्छ लिहिलं आहे. मंत्र्याने एखाद्या प्रकरणात बोट घातल्याचा नुसता वास आला तरी विरोधक संसदेच्या घटना समितीकडे तक्रार करतात, आणि वसंत ऋतूत त्या समितीपुढे मंत्र्यांच्या उघड सुनावण्या होतात. लोक त्या थेट प्रक्षेपणात बघतात. शिवाय सरकारचे बहुतेक निर्णय एका मंत्र्याचे नसतात, सगळ्या मंत्रिमंडळाचे मिळून असतात. "मी सही करून टाकतो" म्हणणारा मंत्री इथे जन्मालाच येऊ शकत नाही.

याचं मूळ १६३४ सालात आहे. गोथेनबर्ग वसवणारा राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ १६३२ मध्ये ल्युट्सेनच्या लढाईत मारला गेला आणि गादीवर आली त्याची अजून सहा वर्षंही पूर्ण न झालेली मुलगी क्रिस्तिना. कारभार चालायचा तर तो राजावाचूनही चालला पाहिजे, हे चॅन्सेलर, म्हणजे राजाचा मुख्य मंत्री, आक्सेल ऑक्सेनशेर्ना याने ओळखलं आणि कामांची विभागणी करून कायमची मंडळं नेमली. राजा बालक असो, लढाईवर असो की लहरी असो, मंडळ आपलं काम करत राहणार. पुढे सत्ताधारी बदलले, राजवटी उलथल्या, पण ही घडी मोडली नाही.

आमच्या घरातलंच एक काम मध्यंतरी एका सरकारी खात्यात रखडलं होतं. महिन्यामागून महिने गेले. सवयीप्रमाणे मी ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं, "तिथे कुणी ओळखीचं आहे का?" तिला प्रश्नच नीट कळला नाही. ओळखीचं असलं तर काय करणार, असा तिचा चेहरा. मग तिने मला २०१८ पासून लागू असलेल्या प्रशासन कायद्यातलं एक कलम दाखवलं: सहा महिन्यांत निर्णय लागला नाही तर अर्जदार लेखी मागणी करू शकतो, आणि खात्याने चार आठवड्यांच्या आत एक तर प्रकरण निकाली काढायचं, नाहीतर आत्ता का काढता येत नाही हे कारणांसह लेखी कळवायचं. त्या नकारावर वर दाद मागता येते. आम्ही तशी मागणी केली. चार आठवड्यांच्या आत सकारण नकार आला. पुढे दाद मागायच्या भानगडीत न पडता आम्ही थांबलो आणि यथावकाश काम झालं. पुढे सरकवणारा साहेब नव्हता, तसा अडवून ठेवणारा साहेबही नव्हता. आमच्या आधीचे अर्ज होते, ते संपल्यावर आमचा आला. समाधान वाटलं असं म्हणणार नाही. रडायला, भांडायला, पाया पडायलासुद्धा समोर कुणी नाही, ही भावना फार एकाकी असते. आपल्याकडे निदान टेबलावर हात आपटता येतो.

हीच व्यवस्था अख्ख्या देशाच्या अंगाशी कशी येऊ शकते हे करोनाच्या साथीत दिसलं. जगभर पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर टाळेबंदी जाहीर करत होते, आणि इथे रोज पत्रकारांसमोर उभे राहायचे ते सार्वजनिक आरोग्य खात्याचे साथरोगतज्ज्ञ आंडर्श टेग्नेल. नववीपर्यंतच्या शाळा सुरू राहिल्या, मास्कची सक्ती नाही, बहुतेक सगळं "शिफारस" या पातळीवर. तेव्हा महाराष्ट्रातून आम्हाला रोज घाबरलेले फोन यायचे. तज्ज्ञ खातं सांगतंय त्यात मंत्र्याने ढवळाढवळ करायची नाही, या सवयीने सरकार बराच काळ मागे राहिलं. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अंतिम अहवाल दिला. सक्तीपेक्षा स्वेच्छेवर भर देणं मुळात बरोबर होतं, पण २०२० च्या सुरुवातीला उपाय फार थोडे आणि फार उशिरा झाले आणि सरकारने नेतृत्व स्वतःकडे घ्यायला हवं होतं, असा त्याचा निष्कर्ष होता. मला तो पटतो. वृद्धाश्रमांत जी माणसं गेली त्यांची जबाबदारी नेमकी कुणाची, हे शोधताना खातं, रेगिऑन आणि कोमून अशी तिन्हीकडे बोटं दाखवली गेली.

कोमून आणि रेगिऑन म्हणजे काय, तर स्वीडनमध्ये माणसाचा रोजचा संबंध येतो ते खरं सरकार. देशात २९० कोमून आहेत. पाळणाघर, शाळा, वृद्धांची देखभाल, पाणी, कचरा, अग्निशमन, गरजूंना मदत, सगळं कोमूनचं. त्यांच्या वर २१ रेगिऑन, त्यांच्याकडे मुख्यतः दवाखाने आणि बससेवा. आणि हे कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. माझ्या पगारातून जो कर कापला जातो, त्यातला पहिला ३२ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा थेट कोमून आणि रेगिऑनचा असतो, दरही तेच ठरवतात. केंद्र सरकारचा वीस टक्के प्राप्तिकर फक्त एका मर्यादेच्या वरच्या कमाईवर लागतो, आणि बऱ्याच लोकांना तो लागतच नाही. पुण्याची महानगरपालिका आपल्या पगारावर प्राप्तिकर लावते आणि त्याच पैशात शाळा चालवते असं डोळ्यांसमोर आणून पाहा, म्हणजे इथल्या नगरराजकारणाला एवढं वजन का, ते कळेल. श्रीमंत कोमूनकडून गरीब कोमूनकडे पैसे वळवणारी एक व्यवस्थाही आहे, आणि तिच्यावरून दरवर्षी रडारड होते.

गोथेनबर्गच्या नगरसभेत ८१ सदस्य आहेत. ती भरते गुस्ताफ आडोल्फ चौकातल्या बोर्सेन या जुन्या इमारतीत, बाहेर त्या शहर वसवणाऱ्या राजाचा पुतळा. सभा उघडी असते, कुणीही वर गॅलरीत जाऊन बसावं. मी गेले होते. विषय होता शाळांच्या जागांचा, भाषणं कंटाळवाणी, आवाज कुणाचाच चढलेला नाही. बोलणाऱ्यांतले बरेच जण दिवसा नोकरी करणारे: कुणी शिक्षिका, कुणी नर्स. कोमूनमधले बहुसंख्य प्रतिनिधी असे फावल्या वेळातले राजकारणी असतात. पूर्णवेळ पगार घेणारे मोजकेच.

आणि आता मतदान, कारण ते मी स्वतः केलंय. स्वीडनचं नागरिकत्व नसलं तरी निवडणुकीच्या दिवसाआधी सलग तीन वर्षं इथे नोंदणी असेल तर कोमून आणि रेगिऑनच्या निवडणुकीत मत देता येतं. युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँडच्या लोकांना तीन वर्षांची अटही नाही. परदेशी नागरिकांना हा हक्क १९७६ पासून आहे. भारतीय पासपोर्टवर मी परक्या देशातली सत्ता निवडणार, यावर काकांचा आजही विश्वास नाही. मतदार यादीत नाव घालायला कुठे जावं लागलं नाही; पत्ता कर खात्याकडे असतोच, मतदानाचं कार्ड टपालाने घरी आलं. निवडणुका दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, तिन्ही एकाच दिवशी. रिक्सदागसाठी पिवळा कागद, रेगिऑनसाठी निळा, कोमूनसाठी पांढरा. प्रत्येक पक्षाचा कागद वेगळा असतो. आपण हवा तो उचलायचा, पाकिटात घालायचा. कुणी कोणता उचलला हे पूर्वी आजूबाजूला दिसायचं म्हणून लोक तीनचार पक्षांचे कागद घेऊन आत जायचे. २०१९ मध्ये नियम बदलला, आता कागदांच्या मांडणीलाच आडोसा असतो. मतदान यंत्र नाही, सगळी मोजणी हाताने. अठरा दिवस आधीपासून वाचनालयात वगैरे जाऊन मत देता येतं, आणि नंतर विचार बदलला तर मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाऊन नवं मत द्यायचं, आधीचं रद्द होतं. हे मला फार आवडलं.

प्रचार म्हणजे चौकात लाकडाच्या छोट्या झोपड्या, प्रत्येक पक्षाची एक. आत कॉफी. जाऊन विचारायचं, बसचं तिकीट का वाढवलं, दवाखान्यात एवढा वेळ का लागतो. मी एका झोपडीत पाळणाघराच्या वेळांवरून बरीच हुज्जत घातली. पुढच्या झोपडीतल्या आजोबांनी मला बिस्किट देऊन आमच्याकडेही या म्हणून बोलावलं. एवढी मोकळी निवडणूक, पण टक्का बघा: २०२२ मध्ये रिक्सदागसाठी ८४ टक्क्यांवर मतदान झालं, आणि तो आकडा आधीच्या वेळेपेक्षा कमी म्हणून वर्तमानपत्रांना चिंता. आमच्यासारख्या परदेशी मतदारांचा टक्का मात्र त्याच्या जवळपासही जात नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल भरतो. मतदान केलंस का विचारलं तर अर्धे जण म्हणतात, आपल्याला असतं का?

आता कागदांबद्दल. साहेब नाही तर मग लक्ष कोण ठेवतं, याचं उत्तर कागदांत आहे. १७६६ मध्ये स्वीडनने छपाईच्या स्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्यातच सरकारी कागद जनतेला खुले केले. जगातला हा पहिला असा कायदा. त्यामागे आंडर्श शीडेनियुस नावाचा एक पाद्री होता, तेव्हा स्वीडनचाच भाग असलेल्या फिनलंडमधला. आपला माहितीचा अधिकार देशभर २००५ मध्ये आला, महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्या थोडा आधी. इथे अर्जाचा नमुना नाही, शुल्काचं तिकीट नाही. कोणत्याही खात्याला आलेलं पत्र, ईमेल, गेलेलं उत्तर मागायचं. गोपनीयतेचं कलम लागत नसेल तर ते द्यावंच लागतं, आणि मागणाऱ्याला तुम्ही कोण, कशाला हवंय, असं विचारायचीही परवानगी नाही.

याचा दणका मोठमोठ्यांना बसला आहे. १९९५ मध्ये उपपंतप्रधान मोना सालीन यांच्या सरकारी कार्डावरच्या खाजगी खर्चाचे कागद वर्तमानपत्रांनी बाहेर काढले. त्या यादीत टोब्लेरोन चॉकलेटही होतं आणि प्रकरणाला नावही तेच पडलं. खटला काही झाला नाही, पण पंतप्रधानपद जवळ आलेलं असताना त्यांना शर्यतीतून बाहेर पडावं लागलं. २००६ मध्ये नव्या सांस्कृतिक मंत्री सेसिलिया स्टेगो शिलो यांनी सोळा वर्षं टीव्हीचं शुल्क भरलं नव्हतं हे उघड झालं, आणि सरकारी दूरदर्शनची जबाबदारी ज्यांच्याकडे त्यांनाच दहा दिवसांत घरी जावं लागलं. आपल्याकडच्या बातम्या वाचून मोठं झालेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. मलाही यायचं.

पण उघडेपणाची दुसरी बाजूही आहे. शेजाऱ्याने गेल्या वर्षी किती उत्पन्न दाखवलं हे कर खात्याला फोन करून विचारता येतं. माझा पत्ता, जन्मतारीख, मी विवाहित आहे की नाही, हे संकेतस्थळांवर कुणालाही सापडतं. गुन्हेगारी टोळ्या हीच माहिती वापरतात म्हणून अलीकडे यावर बराच वाद सुरू आहे. हे बदललं पाहिजे असं मला वाटतं.

अधिकाऱ्याने चूक केली तर तक्रार करायला मात्र एक जागा आहे: संसदेचे ऑम्बुड्समन. १८०९ मध्ये फिनलंड गमावणाऱ्या राजाला पदच्युत केल्यावर जी राज्यघटना झाली, तिच्यात हे पद आलं. त्यांना संसद निवडते, सरकार नव्हे. कुणीही तक्रार करू शकतो. नागरिक असण्याची गरज नाही, वयाची अट नाही, त्रास स्वतःलाच झालेला असला पाहिजे असंही नाही. ते खात्याचा निर्णय फिरवू शकत नाहीत, पण जाहीर ताशेरे ओढतात आणि वेळ पडली तर खटलाही भरतात. याच कल्पनेवरून भारतात लोकपाल आणि लोकायुक्तांची चर्चा साठच्या दशकात सुरू झाली, आणि महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा करून ती राज्यांमध्ये सगळ्यांत आधी प्रत्यक्षात आणली. हे मी इथल्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. पुढे काय झालं, हे विचारलं की विषय बदलते.

पंतप्रधान कसा निवडतात हेही एकदा सांगितलं पाहिजे, कारण नोव्हेंबर २०२१ मधला तो दिवस मी ऑफिसात बसून बातम्यांत बघितला. इथे पंतप्रधानाला बहुमताचा पाठिंबा लागत नाही, फक्त बहुमत विरोधात नसावं लागतं. माग्दालेना आंदेरसोन यांच्या बाजूने ११७ मतं पडली, विरोधात १७४, आणि ५७ जण तटस्थ राहिले. विरोधाला १७५ हवी होती, एक कमी पडली, आणि त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्याच दिवशी संसदेने त्यांचं अंदाजपत्रक फेटाळून विरोधकांचं मंजूर केलं, त्यावरून साथीदार ग्रीन पक्ष सरकारातून बाहेर पडला, आणि काही तासांत त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी त्या पुन्हा निवडून आल्या, आणि जवळजवळ वर्षभर विरोधकांच्या अंदाजपत्रकावर राज्य चालवलं! कुणी आमदार रिसॉर्टवर नेले नाहीत. १९७३ मध्ये तर दोन्ही बाजूंना १७५-१७५ जागा मिळाल्या होत्या. तीन वर्षं काही ठराव चक्क चिठ्ठी टाकून सोडवले, आणि मग शहाणपणाने एक जागा कमी करून ३४९ केल्या.

सार्वमताच्या बाबतीत मात्र हे लोक आपल्यालाही चकित करतात. सार्वमत इथे बहुधा सल्ल्यापुरतं असतं. १९५५ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवायच्या का, असं विचारलं. ८३ टक्के लोक नाही म्हणाले. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता अख्खा देश उजवीकडे सरकला. आमच्या गोथेनबर्गमध्ये जानेवारी २०१३ पासून शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर गर्दीचा कर सुरू झाला. लोकांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं, २०१४ मध्ये जवळपास ५७ टक्के विरोधात गेले. रेल्वेच्या बोगद्यासकट मोठ्या कामांचे पैसे त्याच करातून यायचे होते, म्हणून कर राहिला. मी तो अजून भरते. बोगद्याच्या खोदकामाने शहर वर्षानुवर्षं उकरून ठेवलंय, तेव्हा कर सत्कारणी लागत नाही असंही म्हणता येत नाही.

धोरणांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण बाळंतपणाच्या रजेवर सगळ्यांनी लिहिलंय. ४८० दिवस, त्यातले ९० फक्त आईचे आणि ९० फक्त बाबांचे. बाबाने घेतले नाहीत तर ते बुडतात. म्हणून बागेत गाडा ढकलणारे बाबे दिसतात. तो संस्कार कमी आणि हिशेब जास्त आहे. १९७४ पासून ही रजा आईबाप दोघांना आहे. जुलै २०२४ पासून प्रत्येक पालकाला काही दिवस दुसऱ्या कुणाला, अगदी आजीआजोबांनाही देता येतात. हे ऐकून सगळ्या भारतीय ग्रुपांवर आनंद झाला होता, पण ती आजी इथल्या सामाजिक विम्यात असावी लागते. व्हिजिटर व्हिसावर मेतकूट घेऊन आलेली आजी त्यात बसत नाही. मुलाला शाळेत मातृभाषा शिकवायची तरतूद आहे. कोमूनमध्ये त्या भाषेची निदान पाच मुलं हवीत आणि योग्य शिक्षक मिळायला हवा, हा नियम मराठीलाही लागू. पाच मुलं जमतील हो, शिक्षक आणायचा कुठून?

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वीडनला "समाजवादी" म्हणून शिव्या किंवा ओव्या वाहणाऱ्या दोन्ही पक्षांसाठी एवढंच, की इथे वारसा कर २००४ च्या अखेरीस आणि संपत्ती कर २००७ मध्ये रद्द झाला. १९९२ पासून सरकारी पैशांवर खाजगी कंपन्या नफा कमावणाऱ्या शाळा चालवतात. आणि किमान वेतनाचा कायदाच नाही. पगार ठरतात ते कामगार संघटना आणि मालकांच्या करारात, १९३८ च्या साल्टशोबाडेन करारापासून चालत आलेल्या रिवाजाने.

शेवटी आमच्या सगळ्यांच्या काळजीचा विषय. १ नोव्हेंबर २०२३ पासून काम-परवान्यासाठी लागणारा किमान पगार महिना १३,००० क्रोनरवरून एकदम २७,३६० वर गेला, देशाच्या मध्यम पगाराच्या ८० टक्के. सॉफ्टवेअरवाल्यांना फरक पडला नाही, पण हॉटेलात आणि साफसफाईत काम करणाऱ्या ओळखीच्यांची झोप उडाली. हे ठरवलं स्टॉकहोमने, म्हणजे ज्या पिवळ्या कागदाला आम्ही हात लावू शकत नाही त्या कागदाने. बस, पाळणाघर, दवाखाना यावर माझं मत चालतं. मी या देशात राहावं की नाही, यावर नाही. ते हवं असेल तर नागरिकत्व घ्यायचं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे निळा पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. नवरा म्हणतो, पुढची निवडणूक १३ सप्टेंबर २०२६ ला आहे, कर भरतो तर मतही पूर्ण देऊ. मी म्हणते, सांगलीत निवडणूक लागली की माझं नाव यादीत असतं, ते मी का काढू? त्यावर तो विचारतो, शेवटचं तिथे मत कधी दिलंस? आमचं भांडण सध्या इथवर आलंय.